आधी पूर्ण नाव

पास्कल, वसईला फोन मीच केला. तू असतास तर पहिलं हेच विचारलं असतंस, म्हणून आधी सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. आपला एचआरवाला वहिनींचा नंबर काढून तयारच बसला होता. "सिरियस है बोल देते हैं, बाकी शाम को देखेंगे," म्हणत होता. मी म्हटलं, खलास, बस झालं, फोन खाली ठेव. इतक्या जोरात म्हटलं की चहावाला दारातूनच परत गेला.

कसा केला आणि काय बोललो तेही सांगतो. पण माझ्या पद्धतीने सांगणार, वळणं घेत. तुला ते कधी आवडलं नाही. "मन्या, मुद्द्यावर ये," म्हणायचास. आता म्हणून दाखव.

तू कंपनीचा पीआरओ. व्हिसा, लेबर कार्ड, मेडिकल, टायपिंग सेंटरच्या रांगा हे तुझं काम. मी शारजाच्या कामगार कॅम्पचा इन्चार्ज. पाणी, मेस, ढेकूण आणि भांडणं हे माझं. पोरगा मेला तर त्याच्या घरी कुणी कळवायचं, हे तुझ्याही कामात नव्हतं आणि माझ्याही. ते तुझ्या गळ्यात पडलं त्या खेडच्या गवंड्यामुळे. सकाळी उठलाच नाही तो. खोलीतल्या पोरांनी घाबरून त्याच्या बापाला परस्पर फोन केला आणि सांगितलं, ताप आलाय. तासाभराने दुसऱ्याने सांगितलं, ॲडमिट केलंय. मग तिसऱ्याने, ऑक्सिजन लावलाय. आपल्याकडची रीतच ती. मरणाची बातमी जिन्याने खाली उतरवायची, पायरी पायरीने. पण बाप हुशार निघाला. म्हणाला, डॉक्टरला फोन द्या. झाली का पंचाईत! पोरं धावत माझ्याकडे आली. एक तर म्हणाला, "घागसाहेब, मी डॉक्टर होऊन हिंदीत बोलू का?" आणि मी, देवाशप्पथ सांगतो, मी त्याला हो म्हणायच्या बेतात होतो.

तू पासपोर्टच्या कॉपी घ्यायला आला होतास. तू फोन घेतलास. "मी पास्कल जुझे लोपीस बोलतोय, राहणार वसई, तुमच्या मुलाच्या कंपनीत कामाला आहे. तुमच्याजवळ कोण आहे आत्ता?" मोठा मुलगा होता. "त्याला तुमच्या शेजारी बसवा. बसलात? तुमचा दिनेश आज पहाटे झोपेत वारला." ओळखदेख नाही आणि असं सरळ? तिकडून बराच वेळ नुसता आवाज येत होता, तो आवाज मी सांगत नाही. तू फोन कानाला धरून उभा. मग बापाने विचारलं, "खरं सांगता ना? सकाळपासून तिघांनी तीन सांगितलं." तू म्हणालास, "तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तर आधी पूर्ण नाव सांगितलं. आता माझ्या घरचा पत्ता लिहून घ्या. खोटं निघालं तर माझ्या बायकोच्या दारात येऊन बसा." आणि खरंच पत्ता दिलास! चर्चच्या मागे, तिसरी गल्ली, सगळं. मी म्हटलं, हा माणूस वेडा आहे.

तेव्हापासून तो तुझा नेमच झाला. आधी पूर्ण नाव. मग जवळ कोण आहे. मग बसायला लावणं. मग एकच शब्द, वारला. "गेला" नाही, "देवाघरी" नाही, "आता आपल्यात नाही" तर नाहीच नाही. "त्या शब्दांना माणूस लोंबकळत राहतो रे," म्हणायचास. रडणं थांबेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही. आणि शेवटी, "उद्या अकराला मी परत फोन करीन." तिकडच्या अकराला. बॉडी जाईपर्यंत रोज अकरा म्हणजे अकरा. एकदा पोलिसांचे कागद अडकले होते, सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी तू गाडी बाजूला घेऊन फोन लावलास. मी म्हटलं, काही नाहीच तर करतोस कशाला? म्हणालास, "काही नसतं तेव्हाच करायचा. बातमी असली की कुणीही करतं." आणि "कधी येणार" म्हणून विचारलं की सरळ, "माहीत नाही." आपल्या ऑफिसात "दोन दिवसात, इन्शाल्ला" म्हणून सांगतात, त्याचा अर्थ कधी ते देवालाच ठाऊक, हे तुला आणि मला चांगलं माहीत होतं.

मला हे पटत नव्हतं. आजही सगळं पटलंय असं समजू नकोस. आपली खडाजंगी झाली ती फुजैराच्या रस्त्यावर. आठवतंय? आपल्या कॅम्पात तो सांगलीकडचा पोरगा मेला, त्याचा सख्खा भाऊ फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर वेल्डर. तू म्हणालास, गाडीने जाता येतं तिथे फोन करायचा नाही. निघालो. दोन्ही बाजूंना ते काळे उघडेबोडके डोंगर, आणि गाडीत तू आणि मी. मी म्हटलं, "पास्कल, तू खाटीक आहेस. सुरी लावताना हात थरथरत नाही तुझा. जरा हळूहळू कानावर घालावं माणसाच्या. सरळ बोटाने तूप निघत नाही."

तू म्हणालास, "तूप कुठे काढायचंय?"

मग मी तुला माझ्या बाबांचं सांगितलं. भावाचा फोन आला होता, "बाबा सिरियस आहेत, निघून ये." मी विमानतळावर त्यांच्यासाठी मऊ शाल घेतली, बिनसाखरेची बिस्किटं घेतली. विमानभर ठरवत होतो, मुंबईला आणायचं, चांगल्या डॉक्टरला दाखवायचं. देवरुखला घराच्या वळणावर पोचलो तर अंगणात माणसं, आणि सगळ्यांनी माना खाली घातलेल्या. बाबा आदल्या दिवशीच वारले होते. पण मी तुला म्हटलं, "तो सगळा प्रवास माझा बाप जिवंत होता. तेवढा वेळ मला मिळाला. तुझ्यासारखा कुणी फोनवर असता तर तोही नसता मिळाला."

तू गाडी चालवत राहिलास. मग विचारलंस, "तुझा भाऊ आता फोनवर सांगतो ना, आई बरी आहे म्हणून, तेव्हा तुला खरं वाटतं का?"

मी तुला गाडी थांबवायला लावली आणि उतरलो. राग आला होता. डोंबल वाटतं खरं! भाऊ "आई बरी आहे" म्हणाला की मी "हं" म्हणतो आणि लगेच म्हणतो, व्हिडिओ लाव. तिला दाखव. तिला हात हलवायला सांग. आई बिचारी पेजेचं भांडं मांडीवर घेऊन हात हलवते. तिला वाटतं लेकाची माया. भाऊ वाईट नाही रे. त्याने प्रेमापोटीच केलं ते. पण त्या एका "सिरियस"नंतर त्याच्या तोंडचं कुठलंच वाक्य मला पुरत नाही. तुला हे मी कबूल केलं नाही. डोंगराकडे तोंड करून उभा राहिलो, आणि तू हॉर्न न वाजवता थांबलास.

फुजैराला पोचलो तर टर्मिनलच्या गेटवर तो भाऊ आधीच उभा. त्याच्या सुपरवायझरने दया येऊन सांगून ठेवलेलं, तेरे भाई का तबियत थोडा डाऊन है. त्याच्या हातात संत्र्यांची पिशवी. हॉस्पिटलात न्यायला. तू त्याला सावलीत नेलंस, बाकावर बसवलंस, पूर्ण नाव सांगितलंस आणि मग ते सांगितलंस. त्याने पिशवी सोडली नाही. परत येताना मागच्या सीटवर ती मांडीवर घेऊन बसला होता. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलं नाहीस. त्यानंतर बॉडी जाईपर्यंत एचआर त्याला काही सांगायला गेला की तो म्हणायचा, "पास्कलभाई बोलले का? मग ठीक."

तुझंही एकदा चुकलं. तो जतकडच्या म्हातारीला केलेला फोन, तिचा मुलगा वारल्याचा. तू विचारलंस जवळ कोण आहे, ती म्हणाली, शेजारीण आहे, सांगा. तू सांगितलंस. शेजारीण नव्हतीच. तिला वाटलं असेल, नाही म्हटलं तर हा सांगायचाच नाही. संध्याकाळी गुरं घेऊन लोक परतले तेव्हा ती उंबऱ्यात पडलेली सापडली. जगली, पण बोलणं गेलं तिचं. तू मेसमध्ये माझ्यासमोर बसून हे सांगितलंस आणि तुझा चहा गार झाला. मी आयुष्यभर तुझ्याशी वाद घालत आलो, त्या दिवशी मात्र जिंकल्यासारखं वाटेना. पुढे तू दुसऱ्या माणसाशी स्वतः बोलल्याशिवाय सांगायचा नाहीस. फोन त्यांच्याकडे द्या, म्हणायचास. पण सरळ सांगणं सोडलं नाहीस. मी वाट बघत होतो सोडशील म्हणून.

आणि माझ्या आईचं राहिलंच. ती पडली होती तेव्हा भाऊ म्हणत होता, किरकोळ लागलंय. मला झोप नाही. तू सुट्टीवर होतास. मला न सांगता वसईहून देवरुखला गेलास. तिथून फोन, "मन्या, मी बघितली. पायाला सूज आहे, हाड मोडलेलं नाही. सून मला घावणे करून घालत नाही म्हणून आत्ता तिच्याशी भांडतेय." मी त्या दिवशी व्हिडिओ लाव म्हटलं नाही. पास्कल, भावाच्या आणि तुझ्या बोलण्याचा अर्थ एकच होता. बरी आहे. तुझ्याकडून ऐकलं आणि मी आडवा झालो तो दुपार उलटून गेल्यावर उठलो. यासाठी मी तुला कधी थँक यूसुद्धा म्हटलं नाही. तू म्हणू दिलं नसतंस, ते वेगळं.

आता तुझं.

दुबईहून शारजाला परत येताना, नेहमीच्या जाममध्ये, तुझ्या छातीत दुखायला लागलं. तू गाडी कडेला घेतलीस. मागची टॅक्सी चालवणारा पेशावरचा म्हातारा उतरून तुझ्याजवळ आला. ॲम्ब्युलन्सला त्या जाममधून वाट काढायला वेळ लागला. तोवर तू शुद्धीत होतास. त्याची बाही तू इतकी घट्ट धरली होतीस की बटण तुटलं. पोलीस स्टेशनात तो मला सापडला. बटण खिशातून काढून दाखवत होता, "भाईजान, बहुत तकलीफ में था आपका दोस्त. घर पे फोन लगाने को बोल रहा था, मगर फोन का लॉक नहीं खुला." त्याला रडू आवरेना. मला येईना.

ऑफिसात सगळे माझ्याकडे बघत होते. घरी कोण सांगणार? आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू केवढी पंचाईत करून ठेवली आहेस. असला प्रत्येक फोन करायच्या आधी तू रीटावहिनींना फोन करायचास, आवाज जागेवर आणायला. मी शेजारी असायचो, स्पीकरवर ऐकायचो. त्या विचारायच्या, "कोण गेलं?" तू सांगायचास. त्या म्हणायच्या, "करा आता. आणि जवळ कोण आहे ते विचारायला विसरू नका." तुझी सगळी रीत त्यांना पाठ. म्हणजे मी "जवळ कोण आहे" असं विचारलं की झालं, तीच बातमी! त्या घरात एकट्या असल्या तर? जतची म्हातारी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तुझ्या रीतीने जगात कुणालाही सांगता आलं असतं, तुझ्या बायकोला सोडून.

मग काय, सिरियस म्हणू? तोंडात आलं होतं. तुझी शपथ, आलं होतं. पण पुढे रोज मलाच सांगावं लागणार होतं, कागद कुठे आहेत, बॉडी कधी निघेल. पहिलंच खोटं निघालं तर पुढचं कशाच्या जोरावर सांगू? त्यांना तर तिथे बसून माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही हाती नाही.

फोन लावला. काहीतरी साधं बोलून घरात कोण आहे ते काढून घ्यावं, असं ठरवलं होतं. जेवलात का, पाऊसपाणी काय. त्यांनी उचलला. "बोला भाऊजी." आणि माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, मी मनोहर शांताराम घाग बोलतोय, राहणार देवरुख."

इतक्या वर्षांत मी त्यांना माझं नाव कधी सांगितलेलं नाही. नुसतं "वहिनी, मी" म्हणायचो. तिकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, फोन ठेवू नका. मी लुसीला बोलावते." लुसी म्हणजे तुमची ती शेजारची, फणस पाठवायची ती. चपलांचा आवाज, दार, मग दोघींचा श्वास. "आली लुसी. तिच्याशी बोला आधी." मी बोललो. मग फोन परत वहिनींकडे. "बसलेय. सांगा आता."

त्यांना कळलं होतं रे. सगळं कळलं होतं. तरी त्या शब्दासाठी थांबल्या होत्या, आणि तो मलाच म्हणायचा होता. "पास्कल वारला, वहिनी. आज दुपारी, रस्त्यात." तू कसा म्हणत होतास हा शब्द? मी फोन धरून बसलो. शेवटी लुसीने घेतला आणि म्हणाली, "ती विचारतेय, उद्या अकराला करणार ना?"

केला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, वहिनींनी विचारलं, "भाऊजी, त्यांना त्रास झाला का हो?"

शिव्या घाल मला, पण ऐक. ते बटण माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, म्हाताऱ्याने मला देऊन टाकलं. सगळं माहीत असून मी म्हटलं, "नाही वहिनी. क्षणात झालं. कळलंसुद्धा नसेल त्याला."

त्या म्हणाल्या, "हं."

मग मी सांगितलं की पोलिसांचा कागद मिळाला, उद्या बाकीचं होईल, परवाच्या विमानाचं नक्की आहे. हे सगळं खरं होतं, शब्दन् शब्द. त्यावरही त्या म्हणाल्या, "हं."

तो हं मी ओळखतो, पास्कल. वर्षानुवर्षं भावाला मी तोच देत आलोय. जाममध्ये कितीतरी वेळ अडकलेला माणूस, हे आदल्या दिवशी मीच सांगितलेलं, आणि क्षणात? त्या तुझी बायको आहेत, वेड्या नाहीत. माझ्या प्रेमाचं त्या काय करणार होत्या? आणि माझं खरं होतं तेही त्या खोट्याबरोबर वाहून गेलं. उद्या तू खरंच विमानात असशील, तरी वहिनी पेटी दारात येईपर्यंत मानणार नाहीत, आणि तोवर रोज अकराला माझा आवाज नुसता कानावरून जाईल.

तर झालं, जिंकलास. फुजैराच्या रस्त्यावरच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. वाटत नाही खरं. एकदाही वाटलं नाही. आणि तरीसुद्धा विमानातला तो माझा जिवंत बाप मला अजून हवा आहे, त्याला मी सोडणार नाही. तू काय म्हणाला असतास यावर? काहीतरी बोलला असतासच. गाडीत माझ्या शेजारची सीट रिकामी आहे आणि मी सिग्नलला मोठ्याने बोलतो, लोक बघतात.

आज सकाळी ऑफिसात आलो, दार लावून घेतलं, बटण टेबलावर ठेवलं. अकराला फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "बोला भाऊजी." आवाज कोरडा, कालचाच.

मी म्हटलं, "वहिनी, मी मनोहर शांताराम घाग बोलतोय, राहणार देवरुख."

त्या म्हणाल्या, "थांबा. लुसीला बोलावते."